नाथसागराची अर्धी प्रदक्षिणा

विद्यार्थी मित्रहो, हा मजकूर तुम्ही बहुधा रात्री वाचत असाल. दिवसाचे काम आटोपून, घरातील मंडळी निजल्यावर अभ्यासाचे पुस्तक उघडणाऱ्यांपैकी मीही एक होतो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात पाळ्या करीत मी बी.ए.ची पदवी घेतली, तेव्हा माझे वय एकेचाळीस होते. पुढे पन्नाशी उलटल्यावर आणखी एक उशिराचा नाद लागला. तो सायकलीचा. त्या नादापायी घडलेली एक गोष्ट तुम्हांला सांगावयाची आहे. त्यात माझी एक चूक आहे आणि ती मी लपविणार नाही.

प्रथम सायकलीविषयी. तिला 'ग्रॅव्हल बाईक' म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखी वाकडी मूठ, पण चाकांचे टायर चाळीस मिलिमीटर रुंद, त्यांत ट्यूब नाही आणि हवाही बेताची भरायची. डांबरावर ती बरी धावते, पण तिचा खरा जन्म कच्च्या रस्त्यासाठी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे एक गाव आहे. तेथे २००६ साली खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. 'ग्रॅव्हल' या शब्दाला मराठीत रेव म्हणता येईल, पण आमच्या गंगापूर तालुक्यात कोणी रेव म्हणत नाही. आमच्याकडे मुरूम असतो आणि खडी असते. मुरूम म्हणजे कुजलेला, तांबूस, दाबला की बसणारा दगड. खडी म्हणजे फोडलेला काळा पाषाण. मुरमावर सायकल सुखाने चालते, खडीवर मनगटे हलून निघतात. (बाराखडीतील खडी निराळी. ती अक्षरापासून आली. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे सांगावयास नको.)

ही सायकल मी घरी आणली तेव्हा आईने तिची किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरीही ती म्हणाली, "खडीवरून सायकल चालवायला इतके पैसे मोजलेस? खडीवर जायला आम्हाला पैसे मिळायचे."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले.

आम्ही चौघे होतो. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय एकसष्ट. माझी दोन्ही मुले त्यांच्या हाताखालून गेलेली. दुसरा औषधांच्या दुकानाचा मालक, माझ्याच वयाचा. तिसरा एक शेतकरी तरुण, आमच्यात सर्वांत दमदार आणि सर्वांत कमी बोलणारा. चौथा मी. रविवारी सकाळी लासूर स्टेशनपर्यंत जाऊन चहा पिऊन परतणे, एवढ्यावर आमचे दोन वर्षे भागत होते. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातूनच जातो, पण त्यावर सायकलीला प्रवेश नाही. आम्हांला त्याचे दुःख नव्हते. आम्हांला हव्या होत्या पांदीच्या वाटा, कालव्याकडेचे मुरमाचे रस्ते, जेथे समोरून आले तर एखादे बैल नाहीतर शेळ्यांचा कळप येतो.

मग मला ध्यास लागला नाथसागराच्या प्रदक्षिणेचा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे. मागे अडलेल्या पाण्याला एकनाथांचे नाव. हा जलाशय इतका पसरट आहे की काठाकाठाने फिरावयाचे तर आमच्या हिशेबाने, आडवाटा धरून, सुमारे दोनशे किलोमीटर होत होते. गंगापूर, कायगाव, प्रवरासंगम, नेवासे, तेथून शेवगाव तालुक्यातील दहीगाव, घोटण, मग पैठण. आणि उत्तरेच्या काठाने ढोरकीनवरून घरी.

दोनशे हा आकडा सायकलवाल्यांच्या जगात एक पायरी मानला जातो. फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरची सायकलफेरी प्रथम झाली. आज ती चार वर्षांतून एकदा होते आणि नव्वद तासांत पुरी करावी लागते. तिच्या परंपरेत लहान पल्ल्यांचे नियम ठरलेले आहेत. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास. महाराष्ट्रात अनेक शहरांत या पद्धतीच्या फेऱ्या होतात. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन डॉक्टरबंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली, तेव्हापासून आमच्या भागातील पुष्कळांना हे वेड लागले. आमची फेरी कोणा संस्थेची नव्हती. पदक नाही, प्रमाणपत्र नाही. तरी साडेतेरा तासांचा नियम मी आपण होऊन लावून घेतला. पहाटे साडेचारला निघावयाचे आणि संध्याकाळी सहाला परत. घड्याळ माझ्या मनगटावर होते आणि हिशेबाची वहीही माझ्याच डोक्यात.

हा नियम मी का लावला, याचा मी पुढे बराच विचार केला. कारखान्यात आयुष्यभर यंत्रे वेळेवर चालू ठेवली, दुसऱ्याच्या घड्याळाने चाललो. एकदा तरी घड्याळ आपले असावे, असे काहीसे असेल. की नुसती हौस? ठाऊक नाही.

दिवस ठरला २०२३ च्या नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. त्या वर्षी पाऊस ओढून धरलेला होता, नाथसागर निम्म्याच्या आतबाहेर. पाणी मागे सरले की काठाची काळी जमीन उघडी पडते आणि लोक तीत गाळपेर करतात. आम्हांला वाटले, कोरडे वर्ष आहे, वाटा कोरड्या मिळतील.

पहाटेच्या अंधारात कायगाव गाठले. पुलाखालून वाहणारी गोदावरी दिसत नव्हती, पण वास येत होता. पलीकडे प्रवरासंगम. टोक्याच्या सिद्धेश्वराच्या घाटावर उजाडले. नेवाशाला पैस खांबाला हात लावून निघालो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये येथे सांगितली गेली असे आपण शिकतो. गुरुजींना तेथे थोडे बसावयाचे होते. मी म्हणालो, "गुरुजी, सात मिनिटे मागे आहोत." ते लगेच उठले. हे सांगून ठेवतो, कारण नंतर मला ते आठवत राहिले.

नेवाशाच्या पुढे रस्ता सोडून आम्ही पाण्याच्या बाजूला वळलो आणि मग जवळजवळ चाळीस किलोमीटर जी सायकल चालविली, तिचे वर्णन मला नीट करता येणार नाही. मुरूम रात्रीच्या दवाने बसलेला. डाव्या हाताला पाणी, मध्येच चक्रवाकाच्या जोड्या, उजव्या हाताला ऊस. चाकाखाली बारीक चरचर, बाकी काही नाही. औषधवाला मित्र जोराने गाणे म्हणत होता. शेतकरी तरुण पुढे जाऊन वाटा हुडकीत होता आणि वळणावर थांबून आमची वाट पाहत होता. एके ठिकाणी जुन्या विहिरीचे कठडे गाळातून वर आलेले दिसले. धरणात गेलेल्या कोणा गावाचे ते असावेत. आम्ही तेथे थांबलो, पण फार वेळ नाही. वेळेचा हिशेब माझ्याकडे होता.

दहीगावात बारा वाजले. गुरुजी म्हणाले, "दोन घास खाऊन घेऊ." मी म्हणालो, "पैठणला जेवू. तासाभराचा प्रश्न आहे." तो तासाभराचा नव्हता, हे मलाही ठाऊक होते. गुरुजींना मधुमेह आहे आणि ते सकाळी गोळी घेतात, एवढे मला माहीत होते. ती गोळी कोणती, तिच्यानंतर वेळेवर खाल्ले नाही तर काय होते, हे मी कधी विचारले नव्हते. खाण्याची पिशवी औषधवाल्याच्या सायकलीला होती आणि तो व तरुण पुढे निघून गेले होते.

मग आभाळ भरून आले. कार्तिकातला अवकाळी पाऊस, पंधरा-वीस मिनिटांचा. मित्रहो, मराठवाड्याची काळी माती तुमच्यापैकी अनेकांनी पायाने ओळखलेली असेल. कोरडी असताना ती फुटते आणि भिजली की धरते. रुंद टायर हे मुरमाचे औषध, पण चिखलात तेच वैरी. दहा हात गेलो असू. चाक आणि चौकट यांच्यामध्ये माती ठासून बसली आणि चाके फिरेनाशी झाली. काडीने कोरावयाचे, चार पावले जावयाचे, पुन्हा कोरावयाचे. शेवटी सायकली खांद्यावर घेतल्या. माती लागलेली सायकल किती जड होते, ते सांगून कळणार नाही.

गुरुजी मागे पडू लागले. मी दोनदा थांबलो. तिसऱ्या वेळी माझ्या आवाजात चीड आली. "गुरुजी, असे चालले तर अंधार होईल." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तू जा ना. तुला कोणी धरलंय?"

पंधरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला कधी 'तू' म्हटले नव्हते. पालकांना ते 'तुम्ही'च म्हणत. मला राग आला. म्हातारा माणूस थकला की तिरसट होतो, असे मी मनात म्हणालो आणि शंभर पावले पुढे गेलो. मित्रहो, ही ती चूक. ज्या शब्दावरून काहीतरी बिघडले आहे हे कळावयास हवे होते, त्याच शब्दाचा मी राग धरला.

मागे वळून पाहिले तेव्हा ते बांधावर बसले होते आणि सायकल चिखलात आडवी. जवळ गेलो. पाऊस थांबलेला, हवा गार, आणि त्यांच्या कपाळावर घाम डबडबलेला. हात थरथरत होते. मी नाव घेऊन हाक मारली तर ते म्हणाले, "घंटा झाली का?" शाळेची घंटा. माझ्या बाटलीत मीठ घातलेले पाणी होते. साखर मुद्दामच घातली नव्हती, त्यांना चालत नाही म्हणून. फोनला तेथे रेंज नव्हती.

उसाच्या फडाच्या कडेला सात-आठ कोप्या दिसत होत्या. ऊसतोडीची टोळी उतरलेली होती. मी धावलो. चुलीपुढे एक बाई होती. पावसाने फड बंद, म्हणून माणसे कोप्यांतच होती. मी धड बोलूही शकलो नसेन. ती उठली, माझ्याबरोबर आली, गुरुजींना एकदा पाहिले आणि म्हणाली, "आमच्या सासऱ्याला बी असंच व्हायचं. साखर पाहिजे." परत कोपीत जाऊन तिने कागदाच्या पुडीतली साखर स्टीलच्या पेल्यात ओतली, पाणी घातले, बोटाने ढवळले. गुरुजींचे डोके माझ्या मांडीवर घेऊन आम्ही ते घोटघोट पाजले. गिळता येत होते हे दैव. माणूस बेशुद्ध असता तर तोंडात काही घालणेही धोक्याचे, हे मला नंतर कळले.

दहा-पंधरा मिनिटे गेली. ती माझ्या आयुष्यातील फार मोठी मिनिटे होती, आणि या वेळी मी घड्याळाकडे पाहिले नाही. मग गुरुजींनी विचारले, "तुम्ही भिजलात की हो." त्या 'तुम्ही'ने मला रडू आले.

बाईने आणखी एकदा साखरपाणी दिले, अर्धी भाकरी दिली. माणसे जमली. कोठून आलात, असे विचारणे झाले. गंगापूर म्हटल्यावर एकाने विचारले, "सायकलवर? काही काम होतं का इकडं?" मी नाही म्हणालो. "मग कशापायी आलात?" त्यांच्या प्रश्नात टवाळी नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. पहाटे चारला थंडीत उठून कोयता हातात घेणाऱ्या माणसाला, त्याच वेळी उठून कामाविना निघालेल्या माणसाचे नवल वाटणारच. मी काही उत्तर दिले नाही. ती सारी बीडकडची मंडळी होती. साखरेची पुडी जवळजवळ रिकामी झालेली मी पाहिली. शेजारी उसाचा समुद्र, आणि पुडीतली साखर विकतची. मी पैसे काढले, तिने हात मागे घेतला. "आजारी माणसाला पाजलेल्याचं मोल घेत्यात व्हय?"

तोवर आमचे दोघे शोधीत परत आले. औषधवाल्याने गोळीचे नाव विचारले आणि त्याचा चेहरा उतरला. त्या जातीच्या गोळीचा अंमल दीर्घकाळ राहतो. साखर वर आली तरी तासा-दोन तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे 'आता बरे वाटते' यावर विसंबून चालणार नव्हते. मुकादमाने ओळखीचा टेम्पो बोलावला. सायकली आणि गुरुजी त्यात घालून शेवगावला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. रात्री नऊला साखर खरोखरच पुन्हा उतरली. पण तेथे सलाईन होते आणि माणसे जागी होती.

शेतकरी तरुणाने मला विचारले, मी जाऊ का? मी जा म्हणालो. तो डांबरी रस्त्याने एकटा पैठणला पोहोचला आणि मावशीकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या काठाने घरी आला. म्हणजे आमच्यापैकी एकाची प्रदक्षिणा पुरी झाली, दोन दिवसांत. बाकी तिघांची अर्धी.

सोमवारी घरी आल्यावर आईला सगळे सांगितले, किंमतसुद्धा खरी सांगितली. तिने किमतीवर काहीच म्हटले नाही. वाट कोणती, ते खोदून विचारले. मग १९७२ चा दुष्काळ निघाला. मी तेव्हा वर्षाचा होतो. आमच्या भागात दुष्काळी कामे निघाली, रस्त्यांची, तलावांची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा मागाहून आला. आई खडी फोडावयास जाई. हातोडीने दगड फोडावयाचा, ढीग लावावयाचा, मोजणीदाराने माप घेतले की त्या मापाने पैसे. मला बाभळीला झोळी बांधून ठेवीत. खाण्यास सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटे, असे आई सांगते. (कॅन्सस हे अमेरिकेतील या ज्वारीचे सर्वांत मोठे राज्य. आमच्या झोळीखाली शिजलेला मिलो तेथलाच होता असे मी म्हणणार नाही, पण हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.) आईच्या उजव्या डोळ्याच्या खाली एक बारीक व्रण आहे. तो मी लहानपणापासून पाहत आलो. तो खडीच्या चिपेचा आहे, हे त्या सोमवारी कळले. "डोळा वाचला," ती म्हणाली आणि भाजी निवडू लागली. ज्या रस्त्यावर आम्ही रविवारी हौसेने मनगटे हलवून घेतो, त्यांपैकी काहींच्या बुडाशी अशीच कोणाकोणाची मापे असतील.

गुरुजी आता बरे आहेत. डॉक्टरांनी गोळी बदलली. त्यांच्या खिशात गुळाचे खडे असतात आणि ते मला दाखवून दाखवून खातात. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट, "मीच सांगायला हवे होते," म्हणतात. काकूंनी मात्र मला अजून क्षमा केलेली नाही. मी गेलो की चहा येतो, पण मुलाच्या हाती येतो. त्यांचे बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट राहिली. टेम्पोत सायकली चढविताना तो स्टीलचा पेला गुरुजींच्या हातातच राहिला होता. शेवगावला दवाखान्यात लक्षात आले. पंधरा दिवसांनी मी आणि गुरुजी मोटारसायकलवरून तो परत करावयास गेलो. पाच किलो साखर घेतली होती. फड तोडून झालेला होता, पाचट जाळलेले, कोप्यांच्या जागी नुसती चुलींची काळी वर्तुळे. शेतमालक म्हणाला, टोळी पुढे गेली, कोणत्या गावाला ते मुकादमाला माहीत. मुकादमाचा फोन लागला नाही. पुढेही लागला नाही.

पेला माझ्याकडे आहे. आपल्याकडे रिवाज असतो तसे त्यावर लग्नातल्या आहेराचे नाव आणि तारीख कोरलेली आहे. ते नाव येथे छापणे बरे नव्हे. तुमच्यापैकी पुष्कळजण बीड भागातले असतील, काहींच्या घरची माणसे दर साल कोयता घेऊन नगरकडे जात असतील. त्या वर्षी दहीगावच्या पुढे, पाण्याच्या अंगाला, अवकाळी पावसात आजारी पडलेल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला साखरपाणी पाजल्याची गोष्ट तुम्ही घरात ऐकली असेल, तर पेल्यावर कोणते नाव आहे ते त्या बाईला विचारा आणि मला कळवा. मी घेऊन येईन.